विश्लेषण : एसीच्या आउटडोअर युनिटला कव्हर हवे, की मोकळी हवा?

मे महिना सरत आला की ऑनलाइन दुकानांत एसीच्या आउटडोअर युनिटवर घालायच्या कव्हरांची रांग लागते. जाड प्लास्टिकचे, चेन लावलेले, ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’. ते नाही मिळाले तर घरातलीच जुनी ताडपत्री सुतळीने बांधली जाते. हेतू चांगला असतो. पण जे यंत्र मुळात उघड्यावर राहण्यासाठीच बनवले आहे, त्याला पावसापासून वाचवण्याच्या धडपडीत खऱ्या धोक्यांकडे मात्र दुर्लक्ष होते. कोंडलेली हवा, खारा वारा, कबुतरे आणि भिंतीत सैल झालेले बोल्ट हे ते धोके. त्यातला शेवटचा तर जिवावर बेतणारा आहे.

आउटडोअर युनिट नेमके करते काय?

एसी थंड हवा तयार करतो, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. उचलण्याचे काम भिंतीवरच्या इनडोअर युनिटचे, टाकण्याचे काम आउटडोअरचे. दोन्हींमध्ये नळ्यांतून गॅस फिरत असतो. बाहेरच्या पत्र्याच्या पेटीत हा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, तो तापलेला गॅस थंड करणारी कॉइल आणि त्या कॉइलमधून हवा ओढणारा पंखा असतो. इन्व्हर्टर एसी असेल तर या सगळ्यांवर हुकूमत चालवणारा सर्किट बोर्ड, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘पीसीबी’, हाही बाहेरच असतो. एसीतला महागडा ऐवज बहुतांशी याच पेटीत आहे आणि घरातल्यांचे सर्वात कमी लक्षही हिच्याकडेच असते.

काम किती मोठे आहे ते आकड्यांत पाहू. एसीचा ‘टन’ हा बर्फाच्या काळातला आहे. एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळायला ज्या वेगाने उष्णता लागते, तो एक टन. आजच्या हिशेबात साधारण साडेतीन किलोवॉट. म्हणजे दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता काढतो. त्यात कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता मिळवली की आउटडोअरला साडेसहा ते सात किलोवॉट बाहेर टाकावे लागतात. दोन किलोवॉटचे तीन गिझर एकाच वेळी चालू असावेत, त्याहून थोडे जास्तच. एवढी उष्णता वाहून न्यायला साधन एकच, ते म्हणजे आजूबाजूची हवा.

मग कव्हर घालावे का?

एसी चालू असण्याच्या काळात अजिबात नाही. कव्हर राहून गेले आणि कोणी रिमोट दाबला तर कॉइलमधली उष्णता बाहेर पडत नाही, गॅसचा दाब चढत जातो आणि नशीब चांगले असेल तर कॉम्प्रेसर संरक्षक स्विचमुळे बंद पडतो. असे वरचेवर झाले की त्याचे आयुष्य घटते.

एसी बंद असण्याच्या काळात कव्हर घालणे तरी बरे, असे वाटेल. तेही फारसे खरे नाही. पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की प्लास्टिकच्या आत ओल धरते आणि वाऱ्याअभावी ती वाळत नाही. पावसाचे पाणी उघड्या युनिटवरून वाहून जाते. कव्हरातली ओल आठवडेच्या आठवडे पत्र्याला चिकटून राहते. गंजाला आणखी काय हवे? शिवाय ऊबदार, कोरडी, अंधारी जागा मिळाली की उंदीर, पाली आणि मुंग्या तिथे बिऱ्हाड थाटतात. पीसीबीवर पाल चिकटून शॉर्टसर्किट झाल्याचे प्रकार कोणत्याही एसी मेकॅनिकला नवे नाहीत.

आउटडोअरचा पंखा, मोटर आणि विजेच्या जोडण्या पाऊस झेलण्याच्या बेतानेच बनवलेल्या असतात. वरून नारळाची झावळी, कुंडी किंवा प्लास्टरचा तुकडा पडण्याची भीती असेल तर युनिटच्या डोक्यावर उतरता पत्रा लावावा. चारही बाजू मात्र मोकळ्या हव्यात.

याला एक अपवाद आहे. इमारतीला रंग काढायचा असेल किंवा प्लास्टरचे काम सुरू असेल, तेव्हा युनिट जरूर झाकावे. सिमेंटची धूळ ओल्या कॉइलवर बसून घट्ट होते आणि रंगाचे शिंतोडे धुऊन निघत नाहीत. त्या दिवसांत एसीचा एमसीबी बंद ठेवावा, म्हणजे चुकूनही तो सुरू होणार नाही. आणि परांची उतरली की त्याच दिवशी कव्हरही उतरवावे. अनेक सोसायट्यांत ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसेच लोंबत असते.

हवा कोंडली की बिल किती वाढते?

आउटडोअर युनिट मागून आणि एका बाजूने हवा आत घेते आणि पुढून बाहेर फेकते. बाहेर फेकलेली हवा आत घेतलेल्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी तापलेली असते. ती दूर निघून गेली तर ठीक. समोर भिंत, काच किंवा जाड जाळी असेल तर तीच गरम हवा वळून पुन्हा मागून आत शिरते. युनिट आपलाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा श्वासात घेत राहते.

ढोबळ हिशेब असा की, कॉइलपाशी तापमान एका अंशाने वाढले की कॉम्प्रेसर दोन ते तीन टक्के जादा वीज खातो. कोंडलेल्या जागेत हा फरक पाच अंशांचा झाला तर विजेचा खप दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढला. पाच स्टारसाठी मोजलेले जादा पैसे इथे गळून जातात. एसीवरचे स्टार लेबल ठरते ते प्रयोगशाळेत, स्वच्छ कॉइलवर आणि मोकळ्या हवेत. क्षमता मोजताना बाहेरचे तापमान ३५ अंश धरलेले असते, आणि लेबलवरचा वर्षाच्या विजेचा आकडा १६०० तासांच्या वापराचा असतो. घरातले युनिट त्या परिस्थितीच्या जितके जवळ, तितके ते लेबल खरे.

मुंबई-ठाण्यातल्या जुन्या इमारतींत खिडकीबाहेर काढलेले बॉक्स ग्रिल ही या युनिटची नेहमीची जागा. ग्रिलमध्येच तुळस, दोन कुंड्या, जुनी पायपुसणी, टीव्हीचा रिकामा खोका आणि वाळत घातलेले टॉवेल. एसी बसवताना जागा मोकळी असते. पुढच्या दोन वर्षांत युनिटभोवती संसार उभा राहतो. मागे भिंतीपासून निदान चार ते सहा इंच आणि पुढे दोन-तीन फूट मोकळे सोडावेत. नेमके अंतर मॉडेलप्रमाणे बदलते आणि ते एसीसोबत आलेल्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. पण ती पुस्तिका बहुतेकदा त्या खोक्याबरोबर माळ्यावर गेलेली असते.

नव्या टॉवरमधली अडचण वेगळी आहे. इमारतीचे रूप बिघडू नये म्हणून सगळी आउटडोअर युनिट एका उभ्या डक्टमध्ये किंवा आडव्या पट्ट्यांच्या सुबक पडद्यामागे दडवलेली असतात. एकावर एक वीस मजल्यांची युनिट त्याच अरुंद पोकळीत गरम हवा सोडतात. गरम हवा वर चढते. परिणामी तिसऱ्या मजल्यावरचा एसी सुखाने चालतो आणि अठराव्या मजल्यावरचा, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, दुपारी तीन वाजता धापा टाकतो. रहिवासी मेकॅनिक बदलतात, गॅस भरून घेतात. दोष मात्र वास्तुरचनेत असतो. यावर उपाय आहेत. पंख्यासमोरच्या पट्ट्या काढणे किंवा त्यांचा कोन सरळ करणे, युनिट पुढे ओढून पडद्याला भिडवणे, गरम हवा थेट बाहेर काढणारे पत्र्याचे तोंड बसवणे. मात्र यासाठी सोसायटीची परवानगी लागते आणि ‘एलेव्हेशन बिघडते’ हा आक्षेप हमखास निघतो. दिसण्यापेक्षा वीजबिलाचा मुद्दा सर्वसाधारण सभेत मांडला तर तो आक्षेप टिकणे कठीण जाते.

किनारपट्टीवर युनिट लवकर का गंजते?

समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. दादर-वर्सोव्यापासून अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजीपर्यंत सगळीकडे हीच कथा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि कॉइलवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो. कॉइलमध्ये नळी तांब्याची आणि तिच्यावरच्या पत्र्या ॲल्युमिनियमच्या असतील, तर दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी अशी छोटी बॅटरीच तयार होते. तिच्यात ॲल्युमिनियम झिजते. पत्र्या पांढरट होतात, बोट लावले की भुकटी पडते. नळी शाबूत असली तरी तिची उष्णता हवेत सोडणारा भागच नाहीसा झालेला असतो.

म्हणून ‘कॉपर कॉइल घ्या, काळजी मिटली’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. तांबे मिठाला बरेच दाद देत नाही, शिवाय गळती झाली तर जागेवर झाळता येते. पण तांब्याचाही एक शत्रू आहे. सांडपाण्याचे नाले, खाडीतला सडका गाळ, तुंबलेली गटारे यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. कुजक्या अंड्यांसारखा वास येतो तो हाच. त्याने तांबे काळे पडते, पोखरले जाते आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांतून गॅस निसटू लागतो. हा मार बाहेरच्या कॉइलइतकाच, किंबहुना अनेकदा जास्त, इनडोअरच्या कॉइलवर बसतो. घर नाल्यालगत असेल आणि दर वर्षी गॅस भरावा लागत असेल, तर मेकॅनिकला दोष देण्याआधी देवघरातली चांदीची निरांजने पाहावीत. पितांबरी लावूनही ती चार-आठ दिवसांत पुन्हा काळवंडत असतील, तर एसीतल्या तांब्याचेही तेच चालले आहे.

अशा ठिकाणी एसी घेताना धातूइतकेच कॉइलवरच्या लेपाबद्दल विचारावे. पत्र्यांवर निळा किंवा सोनेरी लेप दिसतो, तो या कामासाठी असतो. मात्र लेप फक्त पत्र्यांवर आहे, की नळ्या आणि कडेच्या वळणांवरही, हा प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारावा. कारण गळती बहुधा वळणांच्या आणि सांध्यांच्या जागी होते. वॉरंटीच्या अटीही तिथेच वाचून घ्याव्यात. गंजामुळे झालेली गळती वॉरंटीत धरली जाते की नाही, यावर पुढचा सगळा वाद ठरतो.

यावर रोजचा उपाय साधा आहे. समुद्राजवळ असाल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा कॉइल गोड्या पाण्याने धुवावी. पावसाळ्यात निसर्ग हे काम थोडेफार करतो. ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत मीठ साचत जाते आणि तेव्हाच कोणी धूत नाही.

कबुतरांनी काय बिघडते?

आउटडोअरच्या मागची वीतभर फट कबुतरांना घरट्यासाठी अगदी मापाची वाटते. काड्या आणि पिसे थेट कॉइलला चिकटतात आणि हवा आत येण्याची वाटच बंद होते. विष्ठेतल्या आम्लाने पत्रा आणि स्टँड दोन्ही गंजतात. त्याशिवाय प्रश्न माणसांच्या फुप्फुसांचा आहे. वाळलेली विष्ठा आणि पिसांचे कण वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास फुप्फुसांना ॲलर्जीची गंभीर सूज येऊ शकते. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी आरोग्याचा हाच मुद्दा होता.

जाळी लावायची तर युनिटच्या मागे आणि खाली, साधारण इंचभर भोकांची. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी गुंडाळली की ती धुळीने भरते आणि कबुतराऐवजी जाळीच हवा अडवू लागते. साफसफाई करताना विष्ठा कोरडी खरवडू नये. आधी पाणी शिंपडून ओली करावी, तोंडाला चांगला मास्क लावावा.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात सावली करावी का?

चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा आउटडोअर ज्या हवेत उष्णता टाकू पाहते ती हवाच तापलेली असते. ३५ अंशांवर मोजलेली क्षमता तेव्हा मिळत नाही. दीड टनाचा एसी सव्वा टनाएवढाच चालतोय असे वाटले, तर त्यात बिघाड असेलच असे नाही. सावलीचा फायदा होतो, पण लोक समजतात तितका नाही. ऊन पेटीच्या पत्र्याला तापवते, पण कॉइलमधून सतत जाणारी हवा तर सावलीतही जवळपास तितकीच गरम असते. पश्चिमेच्या भिंतीऐवजी उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत मिळत असेल तर जरूर घ्यावी. हिरवे नेट लावायचे असेल तर ते वर, हातभर अंतर राखून.

कॉइलवर पाण्याचे फवारे सोडणारी जोडणी हा अलीकडचा आणखी एक प्रकार. पाणी उडून जाताना कॉइल थंड होते आणि एसी काही काळ खरोखर चांगला चालतो. पण बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले की पत्र्यांवर पांढरे थर जमतात. दोन उन्हाळ्यांत कॉइलची अवस्था क्षार धरलेल्या गिझरच्या कॉइलसारखी होते. हौशी जुगाडात पाणी पीसीबीपर्यंत पोहोचले तर खर्च वेगळाच. कुलरच्या गवताला जे चालते ते एसीच्या कॉइलला चालत नाही.

स्टँड कोसळण्याची भीती किती खरी?

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोलबाग भागात वरच्या मजल्यावरून एसीचे आउटडोअर युनिट खाली पडले आणि खाली स्कूटरवर बसलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. सीसीटीव्हीतली ती दृश्ये देशभर पाहिली गेली. दीड टनाच्या आउटडोअरचे वजन साधारण २५ ते ४० किलो असते. चालताना ते सतत थरथरते. हा भार वर्षानुवर्षे पेलणारा स्टँड मात्र एसीच्या खरेदीत सर्वात कमी विचार करून घेतला जातो. अनेकदा तो मेकॅनिक पिशवीतून घेऊन येतो आणि ग्राहक त्याकडे पाहतही नाही.

स्टँड कुठून जातो? रंगवलेल्या लोखंडी अँगलला गंज चढतो तो आधी वेल्डिंगच्या सांध्यावर आणि बोल्टसाठी पाडलेल्या भोकांत, कारण तिथे रंग उडालेला असतो. वरवर स्टँड पांढराशुभ्र दिसतो, आतून सांधा पापुद्र्यांसारखा सुटत असतो. कोकण आणि मुंबईत जस्ताचा जाड मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा स्टँड घ्यावा. एसीच्या किमतीच्या मानाने हा वाढीव खर्च किरकोळ आहे.

दुसरी जागा म्हणजे भिंत. काँक्रीटच्या तुळईत बसवलेला बोल्ट आणि विटेच्या भिंतीत बसवलेला बोल्ट यांत फरक आहे. नव्या इमारतींतल्या भिंती बहुधा हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, ज्यांना बांधकामवाले सरसकट ‘सायपोरेक्स’ म्हणतात. या ठोकळ्यांत नेहमीचा फुगणारा अँकर बोल्ट घट्ट धरत नाही. थरथरीने भोक मोठे होत जाते आणि एके दिवशी बोल्ट भुकटीसकट बाहेर येतो. तिथे भिंतीतून आरपार बोल्ट घालून आतून पट्टी लावावी लागते किंवा रसायनाने घट्ट बसणारा अँकर वापरावा लागतो. ड्रिल चालू असताना बाहेर पडणारी भुकटी पाहिली तरी भिंत कळते. विटेची लाल, सायपोरेक्सची पांढुरकी आणि मऊ. आणि काँक्रीट असेल तर ड्रिल सहजी पुढेच जात नाही.

दर वर्षी पावसाळ्याआधी तीन गोष्टी खिडकीतूनच पाहता येतात. युनिट पूर्वीपेक्षा पुढे झुकले आहे का, बोल्टभोवतीच्या भिंतीवर तडे किंवा तांबडे ओघळ आहेत का आणि एसी चालू असताना स्टँड खडखडतो का. यांतले एकही दिसले तर एसी बंद करून आधी स्टँड बदलावा. गॅसच्या नळ्यांनी युनिट धरून ठेवले आहे, हा दिलासा खोटा आहे.

आणि मेकॅनिकच्या जिवाचे काय?

आउटडोअरच्या देखभालीत सर्वात कमी बोलला जाणारा भाग हा आहे. सातव्या मजल्यावरच्या छज्ज्यावर एक पाय, दुसरा ग्रिलमध्ये, कमरेला फार तर सुती दोरी आणि घरातून कोणीतरी तिचे टोक धरलेले, हे दृश्य शहरांत रोजचे झाले आहे. कमरेला बांधलेली दोरी माणसाला वाचवत नाही; पडताना तिचा झटका पाठीचा कणा आणि पोटातल्या अवयवांवर बसतो. खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस हवा आणि त्याचे टोक काँक्रीटच्या खांबाला किंवा तुळईला पक्के हवे. खिडकीच्या ग्रिलला बांधणे म्हणजे गंजलेल्या चार स्क्रूंवर माणूस टांगणे.

‘आम्ही रोजच करतो, काही होत नाही’ असे मेकॅनिक स्वतःच सांगतो, कारण हार्नेस मागितला तर काम दुसऱ्याला जाईल हे त्याला ठाऊक असते. म्हणून हा आग्रह ग्राहकाने आणि सोसायटीनेच धरायला हवा. एक-दोन हार्नेस सोसायटीनेच विकत घेऊन पहारेकऱ्याकडे ठेवावेत आणि बाहेरच्या बाजूचे काम असेल तर ते घातल्याशिवाय वर सोडू नये, एवढा नियम पुरेसा आहे. त्याहून चांगला उपाय एसी बसवण्याच्या दिवशीच करता येतो. खिडकीतून किंवा गॅलरीतून हात पोहोचेल अशाच जागी आउटडोअर बसवावे. नळी चार फूट जास्त लागली तरी चालेल. जिथे हात पोहोचत नाही, ते युनिट पुढे दहा वर्षे धुतले जात नाही, हा व्यवहारी भागही त्यात आहेच.

सर्व्हिसिंगमध्ये आउटडोअर खरोखर धुतले जाते का?

बहुतेकदा नाही. इनडोअरच्या जाळ्या धुतल्या, पंपाने पाणी मारले, ‘बाहेरचे ठीक आहे’ म्हटले की पावती फाडली जाते. वार्षिक करार असेल तर त्यात आउटडोअर धुणे किती वेळा, हे लिहून घ्यावे.

गॅलरीत किंवा गच्चीवर ठेवलेले, सहज हात पोहोचणारे युनिट घरच्या घरीही धुता येते. आधी एमसीबी बंद. रिमोटने बंद केलेला एसी हा विजेपासून तुटलेला नसतो. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पत्र्यांवरचा कचरा मऊ ब्रशने उभ्या दिशेनेच झाडावा, आडवा घासला की पत्र्या वाकतात. मग बागेच्या नळीने, साध्या दाबाने पाणी सोडावे. गाड्या धुण्याचा जोरदार फवारा जवळून मारला तर पत्र्या कागदासारख्या मिटतात आणि घाण आतच दाबली जाते. विजेच्या जोडण्या असलेल्या बाजूकडे पाणी मारू नये, आम्ल किंवा फरशी धुण्याचे द्रव वापरू नये. पूर्ण वाळल्यावरच एमसीबी चालू करावा. पत्र्याचे झाकण उघडण्याच्या फंदात मात्र पडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यावरही काही वेळ भार शिल्लक असतो आणि त्याचा झटका बसू शकतो.

धुता धुता दोन नळ्यांवरचे काळे फोमचे आवरणही पाहावे. उन्हाने ते चिरते, उंदीर ते कुरतडतात आणि मग थंड नळीवर जमलेले पाणी खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर टपटपत राहते. सोसायट्यांतल्या निम्म्या भांडणांचे मूळ बहुधा या दहा रुपयांच्या फोममध्ये असते.

‘गॅस संपला’ हे निदान कितपत खरे?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. नळ्या बंदिस्त असतात. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. कॉइल कचऱ्याने भरलेली असली तरी थंडावा कमीच होतो, म्हणून आधी धुवावे, मग निदान करावे.

आजच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ हा गॅस असतो. जुन्या आर-२२ च्या तुलनेत त्याचा दाब सुमारे दीडपट किंवा अधिक असतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे. काही मॉडेलमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो तर सहज पेट घेतो. त्यामुळे नळी झाळण्याआधी गॅस नीट काढला गेला पाहिजे आणि नवा गॅस वजनकाट्यावर तोलून भरला पाहिजे. गळती तपासायला नळ्यांत नायट्रोजनचा दाब द्यावा लागतो. नायट्रोजन हाताशी नाही म्हणून कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडू लागला, तर काम तिथेच थांबवावे. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधले तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. गळतीचा भुर्दंड हवामानालाही आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात आर-३२ ची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट. आठशे ग्रॅम गॅस हवेत गेला तर तो सव्वापाचशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखाच.

युनिट पुराच्या पाण्यात बुडाले किंवा घर बदलताना काढायचे झाले तर?

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत-दुकानांत यंत्रे पाण्याखाली गेली. अशा वेळी पाणी ओसरल्यावर एसी ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करणे ही सर्वात महागडी घाई ठरते. पीसीबी आणि मोटर उघडून, धुऊन, वाळवून तपासल्याशिवाय वीज जोडू नये. पूररेषेजवळच्या गावांत आउटडोअर जमिनीवर न ठेवता आधीच्या पुराच्या खुणेच्या वर बसवणे हाच खरा विमा.

घर बदलताना मेकॅनिक एसी चालू ठेवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतो आणि झडपा बंद करतो. ही रीत योग्यच आहे. पण एक झडप बंद असताना, कॉम्प्रेसर चालूच ठेवून नळी सोडली तर तो बाहेरची हवा आत ओढतो. हवा, तेल आणि गॅस यांचे मिश्रण दाबले जाऊन आउटडोअर फुटल्याचे प्रकार घडलेले आहेत. म्हणून नळीच्या नटाला पाना लावण्यापूर्वी एसी बंद आहे आणि एमसीबी पाडलेला आहे, हे घरातल्या कोणीतरी स्वतः जाऊन पाहावे. जुने युनिट मोडीत काढायचे असेल तर भंगारवाल्याने दारातच नळी कापून गॅस सोडून देऊ नये. एसी ई-कचऱ्याच्या नियमांखाली येतो आणि नवा एसी घेताना जुना परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात तो देता येतो.